महाराजांनी थिएटर का बांधलं?

मित्रांनो, गॅदरिंग जवळ आलं की मेसच्या टेबलावर एक भांडण ठरलेलंच! नाटकाला आणि ऑर्केस्ट्राला एवढे पैसे कशाला? त्यापेक्षा लायब्ररीत पुस्तकं आणा, लॅबमध्ये नवीन मशीन घ्या. दुसऱ्या बाजूची पोरं तावातावाने कलेची बाजू मांडतात, आणि वरणभात गार होतो. या भांडणात मला दरवेळी एक माणूस आठवतो. त्याच्या हातात तर अख्ख्या संस्थानाचा खजिना होता. तो माणूस म्हणजे राजर्षी शाहू महाराज.

त्यांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळचं नाव यशवंतराव. 1884 साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट आणि धारवाड इथे शिक्षण झालं आणि 2 एप्रिल 1894 रोजी वयाच्या विसाव्या वर्षी कारभार हाती आला. पुढे काही वर्षांतच दुष्काळ आणि प्लेग, दोन्ही संकटं येऊन आदळली. म्हणजे पैशांची चणचण काय असते हे या राजाला सुरुवातीपासूनच ठाऊक होतं.

त्यांनी काय केलं ते आपण शाळेत पाठ केलंय. 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखीव. 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. आणि आपल्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणजे होस्टेल! 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शहरात राहायची सोय नसेल तर तो शिकणार कसा, हे त्यांनी ओळखलं होतं. राधानगरीचं धरणही त्यांचंच. आजचा सिव्हिलवालासुद्धा त्याला सलाम करेल!

पण याच काळात, याच खजिन्यातून, दुसरंही काहीतरी चाललं होतं. संगीतसम्राट अल्लादियाखाँ दरबारात गायक म्हणून होते. आबालाल रहिमान दरबारी चित्रकार होते. पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांना सिनेमाचं वेड लागलं तेव्हा त्यांनाही महाराजांचा आधार मिळाला. 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला आणि कोल्हापूर सिनेमाचं गाव झालं.

महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि त्यावरून खासबाग मैदान सुचलं, असं कोल्हापुरात सांगतात. 1912 साली ते मैदान तयार झालं. मधोमध हौदा आणि सभोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव स्पष्ट दिसतो. त्याला लागूनच 1915 साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. एका भिंतीला लागून तांबडी माती, दुसऱ्या बाजूला नाट्यसंगीत!

आता खरा प्रश्न. राधानगरी धरणाला पैसा अपुरा पडत होता. ते महाराजांच्या हयातीत पूर्ण झालंच नाही. मग थिएटरवर खर्च का? माझ्या मते उत्तर इमारतीच्या जागेतच आहे. हे काही राजवाड्यातलं खासगी सभागृह नव्हतं, ते भर वस्तीत, कुस्तीच्या मैदानाशेजारी होतं. राजाची हौस राजवाड्यात राहते, लोकांची सोय लोकांत उभी राहते. धरणाने पोट भरेल, बोर्डिंगने डोकं चालेल, पण दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी जायचं कुठे?

तरीही या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे. 6 मे 1922 रोजी, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी, महाराज मुंबईत गेले. त्यानंतर अल्लादियाखाँ कोल्हापूर सोडून मुंबईला गेले. एका माणसाच्या मर्जीवर उभा असलेला आधार त्या माणसाबरोबर जातो. मागे राहिल्या त्या इमारती, कारण त्या पुढे गावाच्या झाल्या. कोल्हापूरचेच गायक नट केशवराव भोसले 1921 साली ऐन तारुण्यात गेले होते. थिएटरला त्यांचं नाव मिळालं आणि देखभाल महानगरपालिकेकडे आली.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभरी पार केलेली वास्तू डोळ्यांदेखत जळताना पाहून मोठमोठी माणसं रस्त्यात उभी राहून रडली. पुन्हा उभारणीसाठी सरकारने निधी जाहीर केला. पण मला त्या रडणाऱ्या माणसांचं जास्त वाटतं. त्यातल्या कितीजणांना धरण पाहून रडू आलं असतं? धरण लागतंच, पण आपलं म्हणून जीव लावतो तो अशा जागेवर.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी गॅदरिंगच्या बजेटवरून भांडा, जरूर भांडा! हिशोबही मागा. फक्त 'नाटक की मशीन' असा प्रश्न करू नका. महाराजांनी तसा तो केला नाही. त्यांनी बोर्डिंगही बांधलं आणि थिएटरही. आता खजिना राजाचा नाही, आपल्या सगळ्यांच्या कराचा आहे. म्हणजे थिएटर बांधायचं कामही आपलं, आणि ते जळू न देण्याचंही!