बोटांची दुभाषी : ॲन सलिव्हन

हेलन केलर हे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. शाळेच्या पुस्तकात, वक्तृत्व स्पर्धेत, भिंतीवरच्या सुविचारांच्या फळ्यावर ती कोठे ना कोठे आपल्याला भेटलेली असते. डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, तरीही ती पदवीधर झाली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण वर्गात प्राध्यापक बोलत असताना त्यांचे बोलणे तिच्यापर्यंत पोहोचत कसे होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मलाही तो कधी पडला नव्हता. तो पडला त्याला घरचेच कारण घडले.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे दवाखाना असो की कचेरी, दादाबरोबर मलाच धाडतात. त्याच्या खुणा मी साहेबांना सांगायच्या आणि साहेबांचे म्हणणे खुणांनी त्याला सांगायचे. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात डॉक्टरांनी कोठे दुखते म्हणून विचारले. निघताना आईने पोटात दुखते असे सांगितले होते, तेच सांगून मी मोकळी झाले. दादा माझी बाही ओढून पाठ दाखवीत होता, तिकडे मी पाहिलेच नाही. औषध पोटाचे मिळाले. पुढच्या आठवड्यात दुखणे वाढले आणि तपासात मूतखडा निघाला. चूक डॉक्टरांची नव्हती, माझी होती. मी दादाचे म्हणणे सांगायला गेले होते आणि सांगून आले आपलेच. त्यानंतर मला जाणून घ्यावेसे वाटले की, दुसऱ्याचे बोलणे इमानाने पोहोचविणे हे काम कोणी कसे केले असेल? त्या शोधात ॲन सलिव्हन यांचे चरित्र हाती लागले. जग त्यांना हेलनची शिक्षिका म्हणून ओळखते. मला मात्र त्या सर्वांत आधी एक दुभाषी वाटल्या.

ॲनचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फीडिंग हिल्स या खेड्यात झाला. आईबाप आयर्लंडमधील दुष्काळाला कंटाळून अमेरिकेत आलेले. बाप शेतमजूर, निरक्षर आणि दारूच्या आहारी गेलेला. पाच वर्षांची असताना ॲनच्या डोळ्यांना खुपऱ्या झाल्या. उपचार न झाल्याने दृष्टी जवळजवळ गेली. आठव्या वर्षी आई क्षयाने वारली. बापाने मुलांची जबाबदारी टाकली आणि १८७६ च्या फेब्रुवारीत नऊ वर्षांची ॲन व तिचा लंगडा धाकटा भाऊ जिमी यांची रवानगी ट्यूक्सबरी येथील सरकारी अनाथालयात झाली. तेथे म्हातारेकोतारे, रोगी, वेडसर अशी सारी टाकून दिलेली माणसे एकत्र कोंबलेली असत. काही महिन्यांतच जिमी तेथे मरण पावला. ॲन मात्र चार वर्षांहून अधिक काळ त्याच भिंतींत राहिली.

अंधांसाठी शाळा असते, हे तिला तेथेच कोणाकडून तरी कळले. एकदा सरकारी पाहणीसाठी फ्रँक सॅनबॉर्न आणि इतर अधिकारी आले. ही मुलगी त्यांच्या मागोमाग खोल्याखोल्यांतून फिरत राहिली आणि शेवटी धीर करून, मला शाळेत जायचे आहे, असा धोशा तिने लावला. त्या धिटाईचे फळ म्हणून ऑक्टोबर १८८० मध्ये बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत तिला प्रवेश मिळाला. वय चौदा, आणि स्वतःचे नावसुद्धा लिहिता येत नव्हते. बरोबरीच्या मुली बऱ्या घरच्या. त्यांनी तिची टर उडविली. ज्याच्या घरात आधी कोणी शिकलेले नाही त्याला पहिल्या दिवशीचा तो वर्ग कसा वाटतो, हे आपल्यापैकी काहींना सांगावे लागणार नाही. पुढे डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि छापील अक्षर वाचण्याइतके दिसू लागले. १८८६ मध्ये ती वर्गात पहिली आली आणि पदवीदान समारंभात भाषणाचा मान तिला मिळाला.

याच शाळेत ॲनला तिची पुढची वाट सापडली. लॉरा ब्रिजमन नावाची एक प्रौढ स्त्री तेथे राहत असे. ती अंधही होती आणि बधिरही. १८३७ पासून डॉ. सॅम्युएल हाऊ यांनी तिला भाषा शिकविली होती. तिच्याशी बोलायचे तर तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढावी लागत. एका हाताच्या बोटांची ठेवण बदलून एकेक अक्षर दाखविण्याची ही लिपी मूळची स्पेनमधील. १६२० साली बॉनेट यांनी छापलेल्या पुस्तकात तिची चित्रे आहेत. पुढे ती फ्रान्समध्ये रुजली आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे बधिरांची शाळा निघाली तेव्हा अमेरिकेत स्थिरावली. ॲनने ही लिपी शिकून घेतली आणि लॉराशी ती तासन् तास बोलू लागली.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. बोटांची लिपी म्हणजे बधिरांची सांकेतिक भाषा नव्हे. सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण असते आणि एका खुणेत अख्खी कल्पना मावते. बोटांच्या लिपीत मात्र इंग्रजी शब्द अक्षराअक्षराने लिहावा लागतो. चार अक्षरी शब्दाला बोटांच्या चार ठेवणी! ज्याला अख्खे व्याख्यान असे पोहोचवायचे त्याच्या बोटांचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

दक्षिणेकडील अलाबामा राज्यात टस्कंबिया येथे कॅप्टन केलर राहत. त्यांची मुलगी हेलन १९ महिन्यांची असताना आजारात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावून बसली होती. डिकन्स यांच्या प्रवासवर्णनात लॉराची हकीकत हेलनच्या आईने वाचलेली होती. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या सल्ल्याने केलर कुटुंबाने पर्किन्सकडे शिक्षिका मागितली आणि शाळेने वीस वर्षांच्या ॲनला धाडले. ३ मार्च १८८७ रोजी त्या टस्कंबियाला पोहोचल्या. आता त्यांना सलिव्हनबाई म्हटले पाहिजे. हेलनही त्यांना जन्मभर नावाने न संबोधता टीचरच म्हणत राहिली, आपण शाळेत बाई म्हणतो तसे.

पंपाच्या धारेखाली हेलनचा एक हात धरून दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द लिहिला गेला आणि तिला भाषेचे मर्म उमगले, ती ५ एप्रिलची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर बाईंनी जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. सुटे शब्द घोकून घेणे त्यांनी सोडले. तान्ह्या मुलाशी आई जशी पुरी वाक्ये बोलते तशी पुरी वाक्ये त्या हेलनच्या हातावर लिहू लागल्या. घरात काय चालले आहे, कोण आले, कोण हसले, सारे त्या सांगत. ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानावर जे सहज पडते ते तिच्या हातावर पडावे, हा त्यामागचा विचार होता.

परंतु दुभाष्याच्या वाटेवर एक काटा असतो, तो म्हणजे संशय. हे बोलणे नक्की कोणाचे? १८९२ मध्ये हेलनने लिहिलेली एक गोष्ट मार्गारेट कॅनबी यांच्या जुन्या कथेशी फार जुळते असे आढळले. पर्किन्समध्ये चौकशी समिती बसली. बाईंना बाहेर जाण्यास सांगून अकरा वर्षांच्या मुलीला एकटीला प्रश्न विचारण्यात आले. ती कथा कधीतरी हेलनच्या हातावर वाचली गेली होती आणि तिच्या नकळत मनात राहिली होती. वाहवा झाली की ती मुलीची आणि चूक निघाली की ती बाईंची, असा हा न्याय होता.

पुढे १८९६ मध्ये हेलन केंब्रिज येथील मुलींच्या शाळेत दाखल झाली. तेथील मुख्याध्यापक गिलमन यांना वाटू लागले की बाई तिच्यावर अभ्यासाचा ताण घालतात. त्यांनी हेलनच्या आईचे मन वळवून दोघींना वेगळे करण्याचा घाट घातला. आई स्वतः आली, मुलीची अवस्था तिने पाहिली आणि निर्णय फिरवला. हेलनने ती शाळा सोडली आणि खाजगी अभ्यास चालू ठेवला. १८९९ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजची प्रवेश परीक्षा आली. प्रश्नपत्रिका बाईंनी वाचून दाखवायच्या नाहीत, असे कॉलेजने ठरविले. व्हायनिंग नावाचे पर्किन्सचे शिक्षक त्या ब्रेल लिपीत उतरवून देत. ते हेलनच्या ओळखीचे नव्हते आणि बोटांच्या लिपीत तिच्याशी बोलूही शकत नव्हते. त्यातच बीजगणिताची अमेरिकन ब्रेलमधील चिन्हे वेगळी निघाली आणि परीक्षेला दोन दिवस असताना ती शिकावी लागली. तरीही हेलन उत्तीर्ण झाली. ज्यांच्या मनात शंका होती त्यांना उत्तर मिळाले, ते बाई शेजारी नसताना.

१९०० ते १९०४ ही रॅडक्लिफची चार वर्षे म्हणजे बाईंच्या जीवनातील सर्वांत कठीण काळ असावा. बाकावर त्या हेलनशेजारी बसत आणि प्राध्यापकांचे वाक्य संपण्याआधी त्यांची बोटे ते लिहू लागत. हेलनला टिपणे घेता येत नसत, कारण ऐकण्यातच तिचे हात गुंतलेले! घरी आल्यावर जेवढे आठवेल तेवढे ती टंकयंत्रावर उतरवी. नेमलेली पुस्तके ब्रेलमध्ये क्वचितच मिळत. म्हणून बाई ती स्वतःच्या अधू डोळ्यांनी वाचून तासन् तास तिच्या हातावर लिहीत. डोळे सांभाळा, असे डॉक्टर बजावीत होते. एखादा उतारा पुन्हा वाचू का, असे बाईंनी विचारले तर हेलन नको म्हणे. तो लक्षात राहिलेला नसे, पण बाईंच्या डोळ्यांसाठी ती खोटे बोले.

१९०४ मध्ये हेलन सन्मानाने बी. ए. झाली. अंध आणि बधिर व्यक्तीने मिळविलेली ती पहिली पदवी. प्रत्येक व्याख्यान जिने ऐकले आणि प्रत्येक पान जिने वाचले त्या बाईंच्या नावावर मात्र काहीच लागले नाही. पुढे १९३२ मध्ये टेंपल विद्यापीठाची सन्माननीय पदवी त्यांनी स्वीकारली, तीही आदल्या वर्षी एकदा नाकारून.

त्यांच्या संसाराविषयी थोडेच सांगते. १९०५ मध्ये जॉन मेसी या लेखकाशी त्यांनी विवाह केला, पण काही वर्षांनी दोघे वेगळे राहू लागले. व्याख्यानांचे दौरे सुरू झाले तेव्हा हेलनचा अस्पष्ट उच्चार श्रोत्यांना समजावून देणे आणि श्रोत्यांचे प्रश्न तिच्या हातावर लिहिणे, हे काम बाईंकडेच होते. पैशाची ओढाताण असल्याने १९२० पासून चार वर्षे दोघींनी रंगमंचावर करमणुकीच्या खेळांतही कार्यक्रम केले. ट्यूक्सबरीची हकीकत बाईंनी हेलनपासूनही लपवून ठेवली होती. हेलन पन्नाशीला आली तेव्हा कोठे त्यांनी ती सांगितली. जिने दुसऱ्याचे सारे बोलणे पोहोचविले, तिचे स्वतःचे दुःख इतकी वर्षे अबोल राहिले! अखेरीस त्यांची दृष्टी पूर्ण गेली आणि २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या अस्थी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आल्या. १९६८ मध्ये हेलनच्या अस्थी त्यांच्याजवळच ठेवल्या गेल्या.

बाईंच्या मागे हे काम पॉली थॉमसन यांनी उचलले. १९५५ मध्ये हेलन भारतात, आपल्या मुंबईतही आल्या होत्या तेव्हा त्यांच्या हातावर पॉली यांचीच बोटे चालत होती. पुढे १९७७ मध्ये मुंबईत बधिर आणि बधिरांध मुलांसाठी हेलन केलर यांच्या नावाने संस्था निघाली.

हे चरित्र वाचून बाईंपुढे मस्तक नमते, पण एक प्रश्नही मनात राहतो. एका माणसाने आपले डोळे झिजवावेत, तेव्हाच दुसऱ्याला शिकता यावे, हे योग्य आहे काय? त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. दुभाषी म्हणजे घरचे कोणी, शिक्षक किंवा धर्मोपदेशक असत. अमेरिकेत दुभाष्यांची स्वतःची संघटना निघाली ती १९६४ साली. त्यानंतर हळूहळू हा रीतसर व्यवसाय झाला. लांबलचक व्याख्यानाला दोन दुभाषी नेमावेत, वीस-तीस मिनिटांनी त्यांनी पाळी बदलावी, कारण थकलेल्या माणसाकडून अर्थ निसटतो. ऐकले ते बाहेर बोलू नये, आणि स्वतःचे मत मध्ये घालू नये. असे नियम आता रूढ आहेत. आपल्या देशातही २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०१८ मध्ये ३००० शब्दांचा कोश निघाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेलाही संवादाचे साधन मानले आहे. पण तालुक्याच्या गावी दवाखान्यात दादासाठी दुभाषी कोण? अजून तरी मीच, आणि मी शिकलेली दुभाषी नाही.

दादा चौथीनंतर शाळेत गेला नाही. त्याच्या वर्गात शिक्षक बोलत, आणि त्याच्या शेजारच्या बाकावर कोणी नसे. तो माझ्यापेक्षा हुशार आहे असे आई म्हणते, आणि मलाही तसेच वाटते. आपल्या महाविद्यालयात एखादा बधिर विद्यार्थी प्रवेश घ्यायला आला, तर त्याच्या शेजारी कोण बसणार, किती तास बसणार आणि त्याची पाळी कोण बदलणार, हे आपण आधीच ठरवून ठेवू शकणार नाही का? प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी मित्रांनी याचा विचार करावा, एवढीच विनंती.

मागच्या महिन्यात दादाला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी आधी त्याच्याकडे वळले आणि त्याचे हात थांबेपर्यंत तोंड उघडले नाही. वेळ थोडा जास्त लागला. मागे रांगेत लोक कुरकुरत होते.