चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (जन्म : २९ ऑगस्ट १८७६, लाउडनव्हिल, ओहायो, मृत्यू : नोव्हेंबर १९५८, डेटन, ओहायो) हे अमेरिकन विद्युत अभियंते व संशोधक होते. बॅटरी, कॉइल व पॉइंट यांवर आधारलेली मोटारीची प्रज्वलन प्रणाली आणि विजेवर चालणारा स्टार्टर हे त्यांचे प्रमुख शोध होत. शिसेयुक्त पेट्रोलचा प्रसारही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला.

सुरुवातीचे जीवन

केटरिंग यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. काही काळ त्यांनी ग्रामीण शाळेत शिक्षक म्हणून काम केले. दृष्टी अधू असल्याने त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणात खंड पडला आणि त्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकण्याचे काम केले. पुढे सोबत्यांकडून पाठ्यपुस्तके वाचून घेत त्यांनी १९०४ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्यानंतर डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली.

प्रज्वलन प्रणाली

त्या काळी अनेक मोटारींत कंप पावणाऱ्या कॉइलमधून ठिणग्यांची मालिका उडत असे. त्यामुळे बॅटरी लवकर संपे व ठिणगीची वेळही अचूक साधत नसे. एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात सहकाऱ्यांसह प्रयोग करून केटरिंग यांनी नेमक्या क्षणी एकच जोरदार ठिणगी देणारी रचना तयार केली. १९०९ मध्ये दोघांनी डेल्को ही कंपनी स्थापन केली. १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ही रचना आणि १९१२ च्या मोटारींत विजेचा स्टार्टर बसवण्यात आला. त्यामुळे हँडल मारून इंजिन सुरू करण्याचे कष्ट व धोका टळला.

या प्रणालीच्या रूढ झालेल्या स्वरूपात बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो. कॅममुळे पॉइंट उघडताच प्रवाह खंडित होतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. डिस्ट्रिब्युटर तो क्रमाने प्रत्येक स्पार्क प्लगकडे पाठवतो. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू नये, हे कंडेन्सरचे काम असते.

जुन्या गाडीतील मिसफायरचा शोध याच क्रमाने घेतला जातो. चालू इंजिनात एकेका प्लगचा पुरवठा तोडून पाहतात. ज्याचा पुरवठा तोडल्याने इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर सदोष ठरतो. सर्वच सिलिंडर अधूनमधून चुकत असल्यास पॉइंटमधील अंतर, कंडेन्सर व कॉइल तपासतात. एकच चुकत असल्यास प्लग, त्याची तार किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील तडा.

नॉकिंगचे निदान

इंजिनात ठोके पडण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, दोष पुढे केटरिंग यांच्या बॅटरी प्रज्वलनावर ठेवण्यात आला. १९१६ पासून टॉमस मिजली यांनी त्यांच्या हाताखाली सिलिंडरमधील दाबाचा अभ्यास केला. दाबाची ही अचानक वाढ ठिणगीच्या आधी नव्हे, तर नंतर होते, असे त्यांना आढळले. दोष ठिणगीत नसून इंधनाच्या ज्वलनात होता. लाल रंगाचे इंधन उष्णता अधिक शोषेल, या कल्पनेने त्यांनी इंधनात आयोडीन मिसळले, तेव्हा ठोके थांबले. मात्र इतर लाल रंगांचा काहीच परिणाम झाला नाही. परिणाम रंगाचा नसून आयोडीनचा होता, हे त्यावरून स्पष्ट झाले.

९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडचा गुण सापडला. अल्कोहोलनेही नॉकिंग कमी होते, हे प्रयोगशाळेला ठाऊक होते. परंतु शिशाच्या या संयुगाची अत्यल्प मात्रा पुरत असे. त्याच्या विक्रीसाठी १९२४ मध्ये स्थापन झालेल्या एथिल कंपनीचे केटरिंग पहिले अध्यक्ष झाले. शिशाचे थर स्पार्क प्लगवर साचून मिसफायर होई, म्हणून इंधनात ब्रोमीनचे संयुग मिसळावे लागले. त्यामुळे प्लग स्वच्छ राहिले, पण शिसे धुरावाटे हवेत गेले.

शिसे विषारी असल्याचे पूर्वीपासून ज्ञात होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार मृत्यू पावले. विक्री काही काळ थांबली व १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. २०२१ मध्ये अल्जीरियात ती थांबल्यावर रस्त्यावरील वाहनांसाठीचा त्याचा जगभरातील वापर संपला.

उत्तरायुष्य व वारसा

केटरिंग १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. १९२३ मध्ये त्यांच्या हवेने थंड होणाऱ्या तांब्याच्या पंखांच्या इंजिनाच्या शेव्हरोले मोटारी परत घ्याव्या लागल्या. रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या विकासात मात्र त्यांना मोठे यश मिळाले. न्यूयॉर्क येथील कर्करोग संशोधन संस्थेला आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांचे नाव देण्यात आले आहे.

भारतात ॲम्बॅसेडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारी दीर्घकाळ पॉइंट व कंडेन्सरच्या प्रज्वलनावर धावल्या. पुढे पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक स्विचने घेतली; प्रवाह तोडून कॉइलमध्ये उच्च दाब निर्माण करण्याचे तत्त्व मात्र आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींतही वापरले जाते.