मूकनायक ते राज्यसभा : आणि आमच्या घरचे एक मत

दरवर्षी १४ एप्रिलला आमच्या गावातून मिरवणूक निघते. लेझीम, निळे झेंडे, ट्रॅक्टरवर ठेवलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मोठी तसबीर. मी सातवीत असताना ओट्यावर बसून ती पाहत होतो. शेजारी आजोबा होते. मिरवणूक पुढे गेल्यावर ते हळूच म्हणाले की, हा माणूस एकदा आपल्या भंडारा जिल्ह्यातून उभा राहिला होता आणि आपण त्याला पाडले. मला ते खरे वाटेना. घटना लिहिणारा माणूस निवडणुकीत पडतो? आणि तोही आपल्याकडे? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता बाबासाहेबांचे जे जीवन माझ्यापुढे उभे राहिले, ते पाठ्यपुस्तकातल्या धड्याहून निराळे होते. ते एका संपादकाचे आणि एका सभासदाचे जीवन होते. त्याविषयीच मला येथे लिहायचे आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन येथील त्यांच्या शिक्षणाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. मात्र विद्वत्तेने प्राध्यापकाची नोकरी मिळाली, तरी माणसांना वाचा मिळत नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले जाई, पण सुरुवातीच्या अंकांतले विचार आणि धार बाबासाहेबांची असे. या पत्राची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. ज्यांना दुसऱ्याच्या पत्रात पैसे देऊनही जागा नाही, त्यांना स्वतःचे पत्र काढण्यावाचून गत्यंतर नसते, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि काही काळाने ‘मूकनायक’ बंद पडले. परंतु लेखणी खाली ठेवली गेली नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि या वेळी संपादक म्हणून त्यांचेच नाव होते. पुढे १९३० साली ‘जनता’ निघाले आणि १९५६ साली त्याचेच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. म्हणजे छत्तीस वर्षे, मध्ये खंड पडले तरी, हा माणूस वृत्तपत्राच्या संसारातून सुटला नाही. वर्गणीदार थोडे, जाहिराती नाहीत, वाचकांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नाही. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशी ही पत्रे होती. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने संपादकाला एकट्याने भरून काढावे लागत. पैशाअभावी तेही १९२९ साली थांबले.

बाबासाहेबांची सभागृहातील कारकीर्दही याच १९२७ साली सुरू झाली. मुंबई कायदे कौन्सिलवर त्यांची नेमणूक झाली होती. लेखणी आणि सभागृह ही दोन कामे त्यांच्या हाती एकाच वेळी आली, आणि ती त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत, असे मला वाटते. महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात सी. के. बोले यांनी १९२३ सालीच संमत करून घेतला होता. पण कागदावरचा ठराव चवदार तळ्यापर्यंत पोचला नव्हता. तो पोचवण्यासाठी मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला. कायदा, चळवळ आणि वृत्तपत्र ही एकाच गाड्याची चाके होती.

कौन्सिलात त्यांनी १९२८ साली गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी या विधेयकाला जोरदार पाठिंबा दिला. महार वतनाच्या जोखडातून माणसे सोडवण्यासाठी विधेयक आणले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ च्या निवडणुकीत त्याचे बहुतेक उमेदवार निवडून आले, आणि त्याच वर्षी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधानसभेत मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणचे शेतकरी त्यांच्या नेतृत्वाखाली कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. त्या शेतकऱ्यांत सर्व जातींची माणसे होती. आमच्यासारख्या कुळवाडी घरातल्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्रीही. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याचे निवेदन ठरल्याप्रमाणे वाचता येईना, तेव्हा ते सभागृह सोडून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना देऊन टाकले. जुना संपादक अजून जागा होता!

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून ते काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून चौदा हजारांहून अधिक मतांनी पडले. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. हजारो मते मुद्दाम वाया घालवली गेली, अशी तक्रार करून बाबासाहेबांनी आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जही केला होता. त्यानंतर मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होता. वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. १९५२ साली भंडाऱ्याहून निवडून आलेले चतुर्भुज जसानी ज्या विडी कंपनीत भागीदार होते, तिचा सरकारला विड्या पुरवण्याचा करार होता. शिवाय गंगाराम ठवरे यांनी महानुभाव पंथ स्वीकारला म्हणून ते महार राहिले नाहीत, असे ठरवून त्यांचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी चूक ठरवल्या आणि निवडणूक रद्द झाली. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा हा निकाल वकिलीच्या अभ्यासात आजही वाचला जातो. आपल्या तेंदूपानाच्या मुलखातून असा निकाल निघावा, याचे मला नवल वाटले.

मे १९५४ च्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता अशी जोडी उभी राहिली. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा ढासळलेली होती. आपल्या लोकांनी एकच मत द्यावे, दुसरे कोरे ठेवावे, म्हणजे बाबासाहेब नक्की येतील, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला आणि बाबासाहेबांनी तो धुडकावला, असे जुनी माणसे सांगतात. दोन वर्षांपूर्वी ज्या गोष्टीविरुद्ध दाद मागितली, ती स्वतःच्या फायद्यासाठी करणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या अनुयायांनी दुसरे मत मेहतांना दिले. मेहता निवडून आले. बाबासाहेब मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले.

ही मते गेली कुठे? त्याचा एक हिशेब माझ्या घरी होता. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिच्यावर निशाणी लावलेली असे. आजोबांना दोन चिठ्ठ्या मिळाल्या. एक त्यांनी मेहतांच्या पेटीत टाकली. दुसरी हत्तीच्या पेटीत टाकायची, असे सभेत सांगितले होते. पण पडद्याआड गेल्यावर हात धजला नाही. गावात काय म्हणतील, हे मनात आले. ती चिठ्ठी खिशात घालून त्यांनी घरी आणली आणि चुलीत टाकली. हे सांगताना आजोबांनी माझ्याकडे पाहिले नाही. पुढे दोन वर्षांनी ते वारले.

पराभवानंतरही बाबासाहेब राज्यसभेत बोलतच राहिले. परराष्ट्र धोरणावर बोलले, भाषावार प्रांतरचनेवर बोलले. १९५५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी नागपूर-भंडाऱ्यासह पूर्व महाराष्ट्राचे वेगळे राज्य सुचवले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातूनही माणसे शिदोऱ्या बांधून गेली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते राज्यसभेचे सभासद होते आणि ‘प्रबुद्ध भारत’ चालू होते.

मित्रहो, विद्वान म्हणून, घटनाकार म्हणून त्यांना वंदन करणे सोपे आहे. तसबिरीला हार घालायला कोणाचा हात अडखळत नाही. पण पडद्याआड, जिथे कोणी पाहत नाही, तिथे आपला हात काय करतो, हा खरा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी हरण्याची जोखीम पत्करून मत वाया घालवू दिले नाही. आमच्या घरचे एक मत मात्र चुलीत जळाले. गेल्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मतदान केले. यंत्रासमोर उभा राहिलो तेव्हा मला आजोबांची ती चिठ्ठी आठवली. बटन दाबण्यापूर्वी, गाव काय म्हणेल हा विचार मी बाहेर ठेवला. एवढेच मला जमले.