थॉमस लुईस (हृदयरोगतज्ज्ञ)

सर थॉमस लुईस (२६ डिसेंबर, इ.स. १८८१ - १७ मार्च, इ.स. १९४५) हे ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ व वैद्यकीय संशोधक होते. विद्युत हृदयालेखाचा (ईसीजी) वापर रुग्णांच्या निदानासाठी रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी रक्तवाहिन्या आणि वेदना यांवर संशोधन केले. ही दोन क्षेत्रे वरवर वेगळी दिसत असली, तरी रक्तपुरवठा अपुरा पडलेला स्नायू का दुखतो, या प्रश्नाने ती एकमेकांशी जोडलेली आहेत.

जीवन आणि शिक्षण

लुईस यांचा जन्म वेल्समधील कार्डिफ येथे झाला. त्यांचे वडील खाण अभियंता होते. प्रकृतीच्या तक्रारींमुळे त्यांचे शालेय शिक्षण बहुतांशी घरीच, आईच्या देखरेखीखाली झाले. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी कार्डिफच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. इ.स. १९०२ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये दाखल झाले आणि इ.स. १९०५ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. पुढे अखेरपर्यंत हेच रुग्णालय त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

हृदयाच्या गतीवरील संशोधन

डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी तयार केलेल्या तार-गॅल्व्हानोमीटरने हृदयातील सूक्ष्म विद्युतप्रवाह नोंदवता येत असत. लुईस यांनी या उपकरणाचा उपयोग रुग्णांच्या तपासणीसाठी केला. नाडी पूर्णपणे अनियमित चालण्याचे कारण त्या काळी निश्चित झाले नव्हते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, कंपन हे त्यामागील कारण असून हा विकार दुर्मीळ नाही, असे त्यांनी इ.स. १९०९ मध्ये दाखवून दिले. व्हिएन्नातील संशोधकही त्याच वर्षी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते.

इ.स. १९०९ मध्येच जेम्स मॅकेंझी यांच्या प्रोत्साहनाने 'हार्ट' हे नियतकालिक सुरू झाले आणि लुईस त्याचे संपादक झाले. इ.स. १९३३ मध्ये त्याचे नाव 'क्लिनिकल सायन्स' असे करण्यात आले. संपादकाचे संशोधन आता केवळ हृदयापुरते राहिलेले नाही, हे या नामांतरातूनही दिसते.

सैनिकांची तपासणी

पहिल्या महायुद्धात धडधड, धाप, थकवा आणि छातीत दुखणे या तक्रारींमुळे असंख्य सैनिक हृदयरोगी ठरवले जात होते. त्यांपैकी बहुतेकांच्या हृदयात कोणताही रोग नसल्याचे लुईस यांना आढळले. या लक्षणसमूहाला त्यांनी 'एफर्ट सिंड्रोम' हे नाव दिले. सक्तीच्या विश्रांतीऐवजी त्यांनी टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेली कवायत वापरली. सैनिकाची क्षमता तिच्यावरून मोजता येई आणि उपचारही होई. चुकीच्या निदानामुळे निरोगी माणूस कायमचा रुग्ण बनू शकतो, ही या कामातून पुढे आलेली महत्त्वाची बाब होती.

वेदनेचा अभ्यास

इ.स. १९२० च्या दशकाच्या मध्यास लुईस हृदयाच्या गतीच्या अभ्यासाकडून त्वचेतील रक्तवाहिन्यांकडे वळले. इ.स. १९२७ च्या सुमारास त्यांना स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी धूम्रपान सोडले, संशोधन मात्र चालू ठेवले.

जॉर्ज पिकरिंग आणि पॉल रॉथशिल्ड यांच्यासह इ.स. १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा प्रयोग साधा होता. दंडाला पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवायचा आणि हाताच्या स्नायूंना ठरावीक लयीत काम करायला लावायचे. थोड्याच वेळात हात दुखू लागे. काम थांबवले तरी पट्टा असेपर्यंत वेदना टिकून राही आणि पट्टा सोडताच काही सेकंदांत ती नाहीशी होई. म्हणजेच स्नायूंचे आकुंचन हे वेदनेचे थेट कारण नव्हते. रक्ताअभावी स्नायूत एखादे द्रव्य साचत असावे, असा तर्क करून लुईस यांनी त्याला 'पी घटक' म्हटले. हे द्रव्य कोणते, हे ते ठरवू शकले नाहीत. परंतु चालताना पोटरीत येणारी कळ आणि हृदयशूळ यांचा एकत्र विचार करण्याची दिशा त्यातून मिळाली.

पुढे त्यांचे सहकारी जोनास केलग्रेन यांनी अस्थिबंधांत मिठाचे द्रावण टोचून निर्माण होणाऱ्या वेदनेचा अभ्यास केला. कण्यातील विशिष्ट ठिकाणी टोचल्यास मूत्रपिंडशूळासारखी वेदना दूर अंतरावर जाणवते, असे दोघांनी दाखवले. वेदनेची जागा आणि तिचा उगम एकच असतील असे नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

लेखन

लुईस यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांचे प्रमुख ग्रंथ पुढीलप्रमाणे :

- द मेकॅनिझम ऑफ द हार्ट बीट (इ.स. १९११)
- द सोल्जर्स हार्ट अँड द एफर्ट सिंड्रोम (इ.स. १९१८)
- द ब्लड व्हेसल्स ऑफ द ह्यूमन स्किन अँड देअर रिस्पॉन्सेस (इ.स. १९२७)
- डिसीझेस ऑफ द हार्ट (इ.स. १९३३)
- पेन (इ.स. १९४२)

यांपैकी शेवटच्या ग्रंथात त्यांनी वेदनेची व्याख्या करण्याचे टाळले. वेदना अनुभवानेच कळते, अशी त्यांची भूमिका होती.

सन्मान आणि मृत्यू

लुईस इ.स. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. इ.स. १९२१ मध्ये त्यांना सर हा किताब आणि इ.स. १९४१ मध्ये कॉप्ली पदक मिळाले. इ.स. १९४५ मध्ये हृदयाच्या रोहिणींच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

अलिंद-कंपनाच्या यंत्रणेविषयीच्या त्यांच्या उपपत्तीत पुढे बदल करावे लागले. मात्र रुग्णाच्या शय्येजवळ केलेले निरीक्षण प्रयोगाने तपासून पाहण्याची त्यांची पद्धत वैद्यकीय संशोधनात टिकून राहिली.