एमिलिया इअरहार्ट कशी हरवली? एका फ्लाइट प्लॅनची गोष्ट

मोबाईलवर फ्लाइटरडार२४ उघडलं की मुंबईच्या आकाशात छोटी छोटी पिवळी विमानं सरकताना दिसतात. कुठून निघालं, कुठे चाललंय, किती उंचीवर आहे, सगळं एका टॅपवर. हे बघायची सवय झालेल्या आपल्या पिढीला ‘विमान हरवलं’ म्हणजे नक्की काय झालं, हे समजणं थोडं कठीणच आहे.

आज फ्लाइट प्लॅनबद्दल बोलायचंय. फॉर्म दाखवून त्यातला एकेक रकाना समजावता आला असता, पण तसं केलं तर तुम्ही तिसऱ्या ओळीला स्क्रोल करून निघून जाल, हे मला माहीत आहे. म्हणून त्याऐवजी एमिलिया इअरहार्टबद्दल सांगतो.

एमिलियाचा जन्म २४ जुलै १८९७ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन गावचा. पहिल्या महायुद्धात तिने कॅनडात, टोरंटोला जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. डिसेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियात ती दहा मिनिटांसाठी विमानात बसली आणि खाली उतरली ती पायलट व्हायचं ठरवूनच. नेटा स्नूक नावाच्या बाईंकडे ती विमान चालवायला शिकली. मिळेल ती नोकरी करून पैसे साठवले आणि एक सेकंडहँड, पिवळ्या रंगाचं छोटं विमान घेतलं.

१९२८ मध्ये विमानाने अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून तिचं जगभर नाव झालं. पण गंमत अशी, की त्या विमानात ती नुसती प्रवासी होती. चालवणारे दोन पुरुष, ही मागे बसलेली. फुकटचं कौतुक तिला बोचत राहिलं. शेवटी मे १९३२ मध्ये ती न्यूफाउंडलंडहून एकटी निघाली. वाटेत उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं, पंखांवर बर्फ साचला, एक्झॉस्टला चीर जाऊन ज्वाळा दिसायला लागल्या. पंधरा तासांनी ती उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली. १९३५ मध्ये तिने होनोलुलू ते ओकलंड हे अंतर एकटीने पार केलं, आणि हे तर तोवर कुठल्या पुरुषानेही केलं नव्हतं. म्हणजे पुढे जे घडलं ते नवशिक्या बाईच्या हातून घडलं, असं म्हणायला जागाच नाही.

पुढे तिला विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. त्यासाठी लॉकहीड इलेक्ट्रा हे दोन इंजिनांचं विमान घेतलं, आतल्या सीट काढून तिथे इंधनाच्या टाक्या बसवल्या. मार्च १९३७ मधल्या पहिल्या प्रयत्नात होनोलुलूला टेकऑफ करतानाच विमान गिरकी घेऊन मोडलं. या टप्प्यावर तिच्यासोबत हॅरी मॅनिंग होता. रेडिओ आणि मोर्स कोड यांत तो पक्का. विमान दुरुस्त होईपर्यंत तो मोहिमेतून बाहेर पडला. दुसऱ्या प्रयत्नात सोबत उरला फक्त फ्रेड नूनन. दिशा आणि अंतर काढण्यात तो वाकबगार, पण मोर्सचा सफाईदार वापर एमिलियाला येत नव्हता आणि त्यालाही नाही. माझ्या मते या गोष्टीतलं खरं वळण हेच आहे, मोडलेलं विमान नव्हे.

१ जून १९३७ ला ते मायामीहून पूर्वेकडे निघाले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका करत जूनच्या मध्यावर कराचीला आले, तिथून कोलकात्याला. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर! मग रंगून, सिंगापूर, डार्विन आणि २९ जूनला न्यू गिनीतलं लाए.

आता जरा थांबून फ्लाइट प्लॅन म्हणजे काय ते बघू. उड्डाणाआधी पायलट एअर ट्रॅफिकवाल्यांना कळवतो: विमान कुठलं, किती वाजता निघणार, कुठल्या मार्गाने, कुठे उतरणार, तिथे उतरता आलं नाही तर दुसरी जागा कोणती, किती तास पुरेल एवढं इंधन आहे, आत माणसं किती. बऱ्याच जणांना वाटतं ही परवानगी आहे. परवानगी हा त्याचा एक भाग झाला. त्याचा दुसरा अर्थ असा, की तुम्ही वेळेवर पोचला नाहीत तर कुणीतरी तुम्हाला शोधायला लागेल, आणि कुठे शोधायचं हे त्याला माहीत असेल. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटं उलटूनही विमानाचा पत्ता नसेल, तर पहिल्या पायरीची इशारा-घंटा वाजते. मग फोनाफोनी, आणि तरीही काही कळलं नाही तर शोधमोहीम.

सह्याद्रीत ट्रेकला जाताना पायथ्याच्या गावात आपण सांगून जातो ना, की अमुक वाटेने चढतोय, संध्याकाळपर्यंत उतरू? तेच हे. व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन नेटवर्क असेपर्यंत चालतं. गावातल्या माणसाला सांगितलेली वेळ नेटवर्क गेलं तरी त्याच्या लक्षात राहते.

लाएहून पुढचं ठिकाण होतं हाउलँड बेट. अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर, सगळा समुद्र. बेट जेमतेम दोन-अडीच किलोमीटर लांब आणि इतकं सपाट की ढगांची सावली कोणती आणि बेट कोणतं हे वरून ओळखणं मुश्कील. तिच्या मदतीसाठी अमेरिकन कोस्ट गार्डचं ‘इटास्का’ हे जहाज बेटाजवळ उभं होतं. मार्ग माहीत, वेळ माहीत, मदत हजर. मग बिनसलं कुठे?

बिनसलं ते ‘एकमेकांशी बोलायचं कसं’ या रकान्यात. आजच्यासारखी व्यवस्था त्या समुद्रावर तेव्हा नव्हती, सगळं तारा पाठवून ठरत होतं. एमिलियाची घड्याळं ग्रीनिचवर होती, जहाजाचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेअकरा तास मागे. आपण स्वतः साडेपाचवाले असल्यामुळे हा अर्धा तास काय घोळ घालू शकतो ते आपल्याला कळेल. जहाजावरचं दिशाशोधक यंत्र कमी फ्रीक्वेन्सीवर चालणारं, ती बोलत होती ३१०५ किलोहर्ट्झवर. तिने जहाजाला ७५०० किलोहर्ट्झवर सिग्नल द्यायला सांगितलं. तो तिला ऐकू आला, पण तिच्या यंत्राला त्यावरून दिशा काढता येईना. लाएला आदल्या दिवशी घेतलेल्या चाचणीतही दिशा मिळाली नव्हती. म्हणजे दिशा दुसरा सांगेल असं दोघेही धरून चालले होते.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे सकाळी जहाजावर तिचा आवाज अगदी मोठा, स्पष्ट येत होता. इतका, की रेडिओवरची माणसं डेकवर येऊन आकाशात बघत होती. तिला मात्र त्यांचं बोलणं ऐकू जात नव्हतं. इंधन संपत आल्याचं तिने कळवलं. लाएहून निघाल्याला वीस तास झाले होते आणि मधे तारीखरेषा ओलांडल्यामुळे बेटावर अजून २ जुलैच होती. ८ वाजून ४३ मिनिटांनी तिचा शेवटचा संदेश आला. त्यात तिने आपण कुठल्या रेषेवर उडतोय ते सांगितलं, पण त्या रेषेवर नेमकं कुठे, हे काही कळलं नाही.

पुढे विमानवाहू ‘लेक्सिंग्टन’सह नौदल उतरलं. १९ जुलैपर्यंत सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर समुद्र धुंडाळला गेला, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. काहीच सापडलं नाही. जानेवारी १९३९ मध्ये तिला कायद्याने मृत घोषित केलं.

‘तेव्हा सॅटेलाइट नव्हते म्हणून’ असं कुणी म्हणेल. बरं, मग स्टीव्ह फॉसेटचं बघा. बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. ३ सप्टेंबर २००७ ला तो नेवाडातल्या एका रँचवरून दोन सीटच्या छोट्या विमानातून फेरफटका मारायला निघाला. फ्लाइट प्लॅन दिला नव्हता, तशी सक्तीही नव्हती. तो परतला नाही. विमाने फिरली, हजारो लोकांनी घरबसल्या इंटरनेटवर सॅटेलाइटचे फोटो तपासले. शोधात दुसऱ्याच जुन्या अपघातांचे अवशेष सापडले, फॉसेट नाही! वर्षभराने एका ट्रेकरला डोंगरात त्याची ओळखपत्रं मिळाली, तेव्हा विमानाचे तुकडे सापडले. रँचपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. तो कोणत्या दिशेला गेला हे कुणालाच माहीत नव्हतं, तर फोटो तरी कुठले आधी बघणार?

आता छोट्या विमानांतही ईएलटी नावाचा डबा असतो. जोराचा धक्का बसला की तो ४०६ मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडतो आणि सॅटेलाइट तो पकडतात. भारतात या सिग्नलवर लक्ष ठेवणारं इस्रोचं केंद्र बेंगळुरूला आहे. पण आपटताना अँटेना तुटली किंवा विमान पाण्यात बुडालं तर डबा गप्प. फ्लाइटरडारचंही तसंच. दरीत खाली उडणाऱ्या छोट्या विमानाचा सिग्नल जमिनीवरच्या रिसीव्हरपर्यंत पोचतोच असं नाही. म्हणून इतकं सगळं असूनही तो फॉर्म अजून भरला जातो.

एमिलियाचा शोध मात्र अजून चालूच आहे. २०२४ च्या सुरुवातीला एका अमेरिकन कंपनीने हाउलँडच्या परिसरात समुद्रतळाचं सोनार चित्र दाखवलं. अगदी विमानासारखा आकार, पंख, शेपटी, सगळं. जगभर बातम्या झाल्या. त्याच वर्षाच्या शेवटी जवळ जाऊन पाहिलं, तेव्हा तो खडक निघाला.