बडोद्याची शिष्यवृत्ती

विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांनी परदेशी विद्यापीठाची एम. ए. पदवी घ्यावी म्हणून शिक्षणशुल्क, प्रवास व निर्वाह यांचा संपूर्ण भार उचलणाऱ्या शिष्यवृत्त्या आज अनेक राष्ट्रे देतात. त्यांची चर्चा बहुधा रकमेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पैसा पुरेसा असूनही शिष्यवृत्ती कोठे अपुरी पडते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील १९१३ ते १९२३ ही दहा वर्षे पाहावीत, असे आम्हांस वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. मॅट्रिक झालेल्या या अस्पृश्य मुलाचा गुण प्रथम हेरला तो वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावच्या कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी. शिवचरित्रकार केळुसकर आमच्या वाचकांना अपरिचित नाहीत. त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महाराजांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये देऊ केले. गोमंतकातील साखवाळच्या धर्मानंद कोसंबींना ग्रंथलेखनासाठी दरमहा ५० रुपये देणारे सयाजीराव ते हेच.

बी. ए. झाल्यावर ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला. परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे आणि परतल्यावर १० वर्षे संस्थानची चाकरी करावयाची. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. परंतु समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, जे जे शिकता येईल ते ते त्यांनी आधाशासारखे घेतले. त्या शिष्यवृत्तीतूनच घरी पैसे धाडावयाचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके विकत घ्यावयाची, हा त्यांचा क्रम. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींच्या उत्पत्तीवरील निबंध त्यांनी वाचला. जेथे कोणी जात विचारीत नव्हते तेथे बसून जातीचा विचार करण्याची सवड त्यांना मिळाली. शिष्यवृत्तीचे खरे देणे हेच, असे आम्ही समजतो.

पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी यांचा अभ्यास चालू असताना १९१७ साली मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठविलेली पुस्तके महायुद्धाच्या धुमाळीत समुद्राच्या तळाशी गेली.

कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. कचेरीतील शिपाई कागद हाती न देता दुरून टाकीत. हिंदू खाणावळीत थारा नव्हता, म्हणून नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. तर काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. कोलंबियाच्या त्या पदवीधराला बडोद्याच्या सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून अश्रू ढाळावे लागले. महाराजांची नियत निर्मळ होती यात आम्हांस शंका नाही. पण त्यांच्या राजधानीत ज्याला चौकटीची एक खोली मिळू नये, त्याच्याकडून १० वर्षांची सेवा मागण्याचा हक्क कोणता? हा प्रश्न संस्थानापेक्षाही, आम्हां हिंदू म्हणविणाऱ्यांना अधिक झोंबावयास हवा. आंबेडकर मुंबईस परतले. खर्च वसूल करण्याचा तगादा दप्तराने मात्र मागे लावला!

उरलेला अभ्यास त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पुरा केला. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून पैसे साठविले. नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हात दिला. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ साली डी. एस्सी. मिळाली आणि त्याच सुमारास ते बॅरिस्टरही झाले.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी सरकारपाशी आग्रह धरला तो अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा. १९४४ मध्ये या शिष्यवृत्त्यांसाठी ३ लाख रुपयांची तरतूद झाली, आणि त्या धोरणातून काही तरुण परदेशीही गेले.