आचार्य सत्येंद्रनाथ बोस

सत्येंद्रनाथ बोस यांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात झाला. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात जगदीशचंद्र बसू आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू व मेघनाद साहा यांच्यासारखा सहाध्यायी त्यांना लाभला. १९२१ मध्ये ते नव्यानेच स्थापन झालेल्या ढाका विद्यापीठात प्रपाठक झाले.

प्लांकच्या प्रारणविषयक नियमाची प्रचलित सिद्धता त्यांना खटकत असे; तीत जुन्या आणि नव्या भौतिकीची सरमिसळ होती. बोस यांनी प्रकाश हा कणांचा समुदाय मानला आणि हे कण परस्परांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, असे धरून त्यांची मोजदाद केली. दोन कण दोन कप्प्यांत ठेवावयाचे, तर जुन्या हिशेबाने चार रचना संभवतात. कण अभिन्न मानले की तीनच उरतात. भेद एवढासाच, पण त्यातून प्लांकचा नियम सहज निष्पन्न झाला.

जून १९२४ मध्ये त्यांनी हा लेख आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. तिशीतल्या अपरिचित अध्यापकाचे हे धाडसच म्हणावयाचे. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मन भाषेत अनुवादून प्रसिद्ध करविला. शिवाय तीच रीत वायूच्या अणूंना लावून, अतिशीत तापमानात असंख्य अणू एकाच पुंजावस्थेत एकवटतील, असे भाकीत केले. द्रव्याच्या या विलक्षण अवस्थेचे बीज असे प्रकाशाच्या गणितात होते. बोस यांच्या मोजणीस अनुसरणाऱ्या कणांना पुढे डिरॅक यांनी ‘बोसॉन’ हे नाव दिले.

पॅरिस व बर्लिन येथील वास्तव्यानंतर, डॉक्टरेट नसतानाही, बोस ढाक्यास प्राध्यापक झाले. १९५४ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. नोबेल पारितोषिक मात्र मिळाले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा उणेपणा त्या पारितोषिकाचा. ग्रंथालयाच्या वाचकास त्यांचे आणखी एक कार्य जवळचे वाटेल. विज्ञान मातृभाषेत यावे, या आग्रहाने त्यांनी १९४८ मध्ये वंगीय विज्ञान परिषद स्थापिली व ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे बंगाली नियतकालिक सुरू केले. त्याआधीच, १९३७ मध्ये, रवींद्रनाथांनी आपला ‘विश्वपरिचय’ हा विज्ञानग्रंथ त्यांना अर्पण केला होता. एसराज हे वाद्यही ते वाजवीत.

४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते निवर्तले. एकवीस वर्षांनी, जून १९९५ मध्ये, अमेरिकेतील बोल्डर येथे कॉर्नेल व वीमन यांनी लेसर किरणांच्या माऱ्याने रुबिडियमचे अणू मंदावले. मग त्यांतील अधिक उष्ण अणू निसटू देऊन उरलेल्यांचे तापमान केवल शून्याच्या अगदी निकट आणले आणि भाकीत केलेली अवस्था प्रत्यक्ष पाहिली. २०१० मध्ये जर्मनीतील बॉन येथे दोन आरशांमध्ये रंगद्रव्याचे द्रावण ठेवून, खोलीच्या साध्या तापमानात, खुद्द प्रकाशकणच त्या अवस्थेत आणले गेले.